गोपनीय नसलेली प्रत

अर्जाच्या दोन प्रती लागतात.
एकीत खरे आकडे, ती दिल्लीच्या कपाटात.
दुसरी कुणीही वाचावी अशी.
तिच्यात आकड्यांच्या जागी चांदण्या
आणि चांदण्यांखाली निर्देशांक:
आधारवर्ष शंभर,
मग एक्क्याण्णव, मग चौऱ्याहत्तर,
मग अठ्ठावन्न.

चिंचोळीच्या शेडमध्ये एप्रिलची दुपार,
पत्रा तापून आपोआप वाजतोय.
मी कॉस्टिंगची कारकून. भरतेय तक्ता क्रमांक नऊ:
परदेशी पाइपमुळे देशी उद्योगाला झालेली क्षती.

तेलविहिरीचा पाइप. त्याच्या टोकांना आम्ही आटे पाडतो.
सोलापुरात तेल म्हणजे करडईचं,
विहीर म्हणजे आत्ता तळ दाखवणारी.
त्या दुसऱ्या विहिरी इथं कुणीच पाहिल्या नाहीत.
बावीस वर्षं लेथवर असलेला चंद्राम यमगर
डबा उघडता उघडता विचारतो,
"अक्का, तिथं खाली दोन हजार मीटरवर
आपले आटे धरतात का, कोण बघून सांगतं?"
तक्रार आली नाही, मी म्हणते, म्हणजे धरतात.
तो कडक भाकरी मोडतो. पटलेलं दिसत नाही.

आमच्या घरी सूत म्हणजे मागावरचं.
तुटलं की वडील जिभेवर ओलं करून गाठ मारत,
गाठ बोटालाही सापडू नये अशी.
चंद्रामकडे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.
केसिंगला इंचात आठ आटे,
म्हणजे सुताला एक.
हे कळलं त्या दिवशी उगाच बरं वाटलं होतं.

वडिलांच्या चादरीला क्षतीचा तक्ता नव्हता.
बाहेरगावची चादर सोलापुरी म्हणून
स्टेशनसमोर विकली जायची, निम्म्या भावात.
ती देशातलीच.
तिच्यावर शुल्क कुठल्या नाक्यावर मागायचं?
शेवटचा माग वजनावर गेला.
काट्यावर चढवताना वडील म्हणाले, तेल पुसून घ्या,
तेलाचे पैसे नकोत.

प्रश्न सतरा:
आयातीखेरीज क्षतीची इतर कारणे असल्यास नमूद करावीत.
वीजबिल.
मालकांच्या जावयांनी आणलेलं मशीन,
आठ महिने ताडपत्रीखाली,
एका सुट्या भागाची वाट बघत.
तो भागही परदेशातूनच यायचाय.
हत्तुरेसाहेब मागे उभे राहून म्हणाले, निरंक लिहा.
मी निरंक लिहिलं.
सुतावरून स्वर्ग गाठायचा तर
सूत एकच हवं.

रोजगार: शंभर, त्र्याऐंशी, एकसष्ट.
शंभर म्हणजे शेहेचाळीस माणसं,
एकसष्ट म्हणजे अठ्ठावीस.
मधल्या अठरांतला मुनाफ आता हायवेवर पंक्चर काढतो,
पॅकिंगची निर्मला दुधगुंडी पुन्हा विड्या वळते.
ही नावं गोपनीय प्रतीतही नाहीत.

आणि कुठल्यातरी बंदराच्या गावी
आमच्या अर्जाला उत्तर भरत बसली असेल कुणीतरी,
तिच्याही डोक्यावर पत्रा असेल,
तिच्याही मागे कुणी साहेब.
तिचंही आधारवर्ष शंभरच.

पाच वाजता नमुना आला,
त्यांच्या पाइपचा हातभर तुकडा, खोक्यात, भुशात.
प्रश्न तीन रिकामाच ठेवला होता:
आयात माल व देशी माल ही समान वस्तू आहे काय?
नाही म्हटलं तर अर्जच उभा राहत नाही.
चंद्रामनं आट्यांवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.
"चांगलं काम केलंय बे," तो त्या तुकड्यालाच म्हणाला.
मग आपली कपलिंग घेतली
आणि नुसत्या हातानं चढवली तिच्यावर.
फिरत गेली, न अडखळता,
शेवटचे तीन फेरे सोडून. तेवढे सोडायचेच असतात,
ते मशीन आवळतं.

शेडमध्ये कुणी काही बोललं नाही.
मी पेनाचं टोपण काढलं
आणि लिहिलं:
होय.